टिनाच्या शेडातला वर्ग

आमच्या रिठदच्या घरामागे टिनाचं एक शेड आहे. दसऱ्याच्या आगेमागे त्यात सोयाबीनचे कट्टे रचलेले असतात. ते बाजारात गेले की मी शेड झाडते, सारवते आणि सहा सतरंज्या अंथरते. तिथे मी पिलाटेस शिकवते. एवढं वाक्य मोठ्याने म्हणायला मला तीन वर्षं लागली.

नाव ऐकून आजीने विचारलं होतं, "हे खायाचं असते का वं?" व्यायाम आहे म्हटल्यावर म्हणाली, "मंग योगाच म्हण ना." पण योगा नाही. आसनात आपण स्थिर होतो. इथे हालचाल चालूच राहते, संथ आणि श्वासाच्या तालावर. पोटाचे खोलवरचे स्नायू, कंबर, पाठ आणि खुबे यांना एकत्र कामाला लावायचं. सगळ्यात प्रसिद्ध व्यायाम 'हंड्रेड'. उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचे, पाय अधांतरी धरायचे आणि ताठ हात कडेला भराभर खालीवर हलवायचे. पाच मोजत श्वास आत, पाच मोजत बाहेर, असं दहा वेळा. शंभर भरतात म्हणून ते नाव. वाचायला सोपं आहे. करताना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच मान आखडते, कारण पोटाने करायचं काम मान ओढून घेते. समोरच्याची मान कधी कामाला लागली हे ओळखणं, शिकवणाऱ्याचं निम्मं काम तेच.

ते मला दिसायचं. तरी तोंड उघडत नव्हतं.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण शिकले. 1914 साली सुरू झालेली ही संस्था. 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे कबड्डी आणि आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. लेझीम, दंडबैठका, मल्लखांब यांच्यात मी बिनधास्त होते. पुण्याला पिलाटेसच्या अभ्यासक्रमाला गेले आणि सगळं अवसान गळालं. सोबतच्या मुली नर्तकी, फिजिओथेरपिस्ट, फर्ड्या इंग्रजीत बोलणाऱ्या. मी छत्तीस वर्षांची, रुंद हाडाची, एका बाळंतपणानंतर पोट सुटलेली, 'मले-तुले' करणारी. पहिल्या सरावपाठात मी वर्गाकडे तोंड करून "उजवा पाय" म्हटलं आणि माझाच उजवा उचलला. अर्ध्यांनी ऐकलं तसं केलं, अर्ध्यांनी पाहिलं तसं केलं आणि दोघींचे पाय एकमेकींवर आदळले. समोर उभं राहणाऱ्याने तोंडाने उजवा म्हणायचं आणि स्वतः डावा हलवायचा असतो, आरशासारखा. चूक साधी होती. पण पाठ तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेत हे कोण शिकणार?"

प्रमाणपत्र घेऊन आले आणि साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. वर्ग सुरू करायचा विषय निघाला की म्हणायचे, अजून एक कोर्स करते, मग बघू. ही सबब मोठी लबाड असते; बाहेरून मेहनत दिसते, आत भीती असते.

त्या दिवसांत या पद्धतीच्या मूळ माणसाबद्दल वाचलं. जोसेफ पिलाटेस 1883 मध्ये जर्मनीत जन्मला. लहानपणी त्याला दमा आणि मुडदूस. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्याला छावणीत डांबलं. तिथल्या खाटांच्या स्प्रिंगा वापरून त्याने आजाऱ्यांकडून व्यायाम करून घेतला, असं सांगतात. स्प्रिंगांवर सरकणाऱ्या गादीचं जे यंत्र आज नट्यांच्या व्हिडिओत दिसतं, त्याची कुळकथा ही अशी. पुढे तो न्यूयॉर्कला गेला, पत्नी क्लारासोबत शिकवत राहिला. 1945 च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवर करायचे 34 व्यायाम आहेत. त्यांना यंत्र लागत नाही. मी हे आजीला सांगितलं. ती मुडदुशापाशीच अडली. "अशा पोरानं जगाले शिकवलं, अन् तुले काहून भेव वाटते?"

भेव तेवढ्याने गेलं नाही. गेलं ते शेजारच्या काकूंमुळे. निंदणाहून त्या कमरेवर हात देऊन आल्या. चालताना त्यांचा एक खुबा वर जात होता. डॉक्टरांनी हाडाचं काही नाही, व्यायाम करा म्हणून सांगितलेलं. मी त्यांना ओसरीत उताणं झोपवलं, गुडघे दुमडले. पुण्यात शिकवलेलं 'बेंबी मणक्याकडे' म्हणून पाहिलं. त्यांनी श्वासच रोखला. मग तोंडातून निघून गेलं, "काकू, निऱ्या खोचताना पोट आत घेता ना, तेवढंच घ्या. अन् बोलत राहा." बरोबर जमलं. मान लांब करायला सांगायचं होतं, तर म्हटलं, "डोक्यावर पाण्याची गुंडी हाय असं समजा." मान लांब झाली. दुसऱ्या दिवशी त्या जावेला घेऊन आल्या. त्या पुण्याच्या बाईंच्या प्रश्नाला मी मनात बरेच दिवस उत्तर शोधत होते. ते दोघी जावा ओसरीत येऊन झोपल्या तेव्हा मिळालं.

शंका अजून येतात, आणि काही मी मुद्दाम ठेवल्यात. पासष्टीच्या एक मावशी आल्या, पाठीला बाक, उंची कमी झालेली. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून उठण्याच्या व्यायामांनी मणका मोडू शकतो. त्यांना आधी वाशिमला डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत ठिसूळपणा निघाला. आता त्यांच्या वाट्याला वाकणं नाही. भिंतीशी उभं राहणं आणि पाठ सरळ ठेवण्याचे व्यायाम तेवढे. गरोदर बाई, मणक्याची गादी सरकलेला माणूस, ताजं ऑपरेशन झालेला पेशंट, यांच्याबाबतीतही मी आधी विचारते, मग सतरंजी टाकते.

वाचकांनीही विचारावं. 2000 साली अमेरिकेतल्या न्यायालयाने पिलाटेस हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. तो योग्यच होता, पण त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. कुठे शिकलात, किती तास शिकवण्याचा सराव केलात, माझ्या कमरेसाठी यातलं काय वर्ज्य आहे, हे प्रश्न बिनसंकोच विचारा. जो रागावेल त्याच्याकडे जाऊ नका.

माझं प्रमाणपत्र आता शेडात खिळ्याला टांगलंय. वर्ग सकाळी साडेसहाला असतो. सोंगणी लागली की बंद, कट्टे निघाले की पुन्हा सुरू.