गच्चीवरचं महाळुंग: भाद्रपदअखेरीचा एक दिवस

घटस्थापना तोंडावर आलीय. पाऊस परतीला लागलाय, ऊन चटकू लागलंय आणि कोल्हापुरातल्या आमच्या गच्चीवर महाळुंग पिवळं पडायला लागलंय. 200 लिटरचं पिंप मधोमध कापून केलेल्या टबात हे झाड उभं आहे. कागदी लिंबू मुठीत मावतं, त्याच्याच कुळातल्या महाळुंगाला ओंजळ लागते. जमिनीतलं झाड मुळं लांबवून स्वतःची सोय बघतं. टबातल्याला मिळेल ते आपल्याच हातून मिळतं, म्हणून त्याचं प्रत्येक काम वेळच्या वेळी व्हावं लागतं.

सकाळी 6
आधी मातीत बोट. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी, नाहीतर झारी बाजूला. पाणी कडेकडेने, तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत घालते. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा केलाय, तिथे पाणी साचू देत नाही. ओल्या बुंध्याला डिंक्या लागतो: साल कुजते, डिंक ओघळतो आणि झाड वरून वाळत येतं. भोकं मातीने बुजू नयेत म्हणून टब विटांवर ठेवलाय आणि विटा तुळईच्या रेषेवर, कारण ओल्या मातीचं वजन स्लॅबने एकट्याने पेलावं असं नसतं.

साडेसात
आता पानं. पावसाळ्यानंतरची नवती फुटलीय आणि लिंबाच्या फुलपाखराला तीच लागते. कोवळ्या पानावर पिवळसर अंडं एकेकटं चिकटवलेलं असतं. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी. नवख्याची नजर तिच्यावरून घसरते. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मी त्या अळ्या उचलून कोपऱ्यातल्या कढीपत्त्यावर सोडते. तो पालाही त्यांना चालतो आणि फुलपाखरं मला हवीच आहेत.

पानांचा रंगही याच उजेडात नीट कळतो. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असल्या तर लोह कमी पडतंय. जुनं पान कडेने पिवळं होऊन देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला तर मॅग्नेशियम. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या झाडाला लोहाची तक्रार लवकर सुरू होते. माझ्याकडे त्यासाठी पावसाचं पाणी साठवलेलं असतं.

साडेनऊ
कात्री आणि जाड हातमोजे. महाळुंगाचे काटे लांब आणि टणक, वाऱ्याने फांदी हलली की शेजारच्याच फळाची साल ओरबाडतात. फळाजवळचे काटे टोकाशी खुडते. बुंध्यातून सरळसोट वर गेलेले पाणसोट मुळापासून काढते, वाळलेली सल काढते. एका बारीक फांदीला दोन फळं धरली असतील तर एक लहानपणीच तोडायचं. हात धजावत नाही, तरी तोडायचं. राहिलेल्या फळाला जुन्या ओढणीच्या पट्टीने काठीचा आधार देते.

दुपारी 12
उन्हाचा तडाखा टबाच्या काळ्या प्लास्टिकवर बसतो आणि आतली मुळं भाजतात. म्हणून टबाला गोणपाट गुंडाळते, मातीवर पालापाचोळा पसरते. या वेळेला पाणी नाही.

शेजारच्या काकू जिन्यातूनच विचारतात, “अगं, घटासमोर ठेवायला एक फळ देशील का?”
“देते की काकू, देठासकट कापून देते.”

अंबाबाईच्या मूर्तीच्या खालच्या उजव्या हातात हेच फळ आहे, मातुलुंग. आपण रोज पिळतो त्या लिंबांच्या कुळाचा हा मूळपुरुष: पाश्चात्त्य देशांतलं पिवळं लेमन हे आंबट संत्रं आणि महाळुंग यांच्या संकरातून आलं. महाळुंग कापलं की आत रस थोडका, पांढरी साल बोटभर जाड. तिच्या फोडी पाकात मुरवल्या की वर्षाचा मुरंबा होतो.

दुपारी 4
आषाढात बांधलेल्या गुट्या उतरवायची वेळ. फांदीची साल बोटभर रुंद वलयात काढून ओलं मॉस आणि वर प्लास्टिक घट्ट बांधलं होतं. प्लास्टिकमधून मुळांचं पांढरं जाळं दिसतंय. जाळ्याच्या खाली फांदी कापते, प्लास्टिक अलगद सोडवते आणि रोप पिशवीत बसवते. मिश्रण साधं आहे: लाल माती, शेणखत, जाडसर वाळू, मूठभर निंबोळी पेंड. पानं निम्मी कमी करते, कारण नव्या मुळांना एवढ्या पसाऱ्याला पाणी पुरवणं झेपत नाही. रोप सावलीत. नवी पालवी फुटेपर्यंत ते विकायचं नाही.

संध्याकाळी 6
मधमाश्या परतल्या की फवारा. कोवळ्या पानांवर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा दिसतायत, ती नागअळी. निंबोळी तेल 5 मि.ली. आणि थोडा साबण एक लिटर पाण्यात, पानाच्या पाठीवरही पोचेल असा.

रात्री साडेआठ
टॉर्च घेऊन शेवटची फेरी. पिकत्या फळाच्या वासावर रसशोषक पतंग येतो, सालीत सोंड खुपसतो आणि तिथून फळ सडत जातं. टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे चमकतात. याची अळी लिंबावर राहत नाही, ती वाढते गुळवेलीवर. म्हणून गुळवेल गच्चीवर असेल तर तिचीही पानं उलटून पाहावी लागतात. फळांना कापडी पिशव्या बांधल्यात, गळलेलं फळ रात्री टबाखाली राहू देत नाही.

महाळुंग लावायचं असेल तर रोप आणण्याआधी आपला दिवस तपासा. सकाळचा अर्धा तास आणि रात्रीची एक फेरी नेमाने निघत असेल, तर मोठा टब घ्या आणि एकच झाड लावा. लिंबाच्या कुळातलं एवढं जुनं फळ आज घराघरांतून दिसेनासं झालंय. गच्चीवरच्या एका झाडाने ते पुन्हा आपल्या घटासमोर आणि लोणच्याच्या बरणीत येऊ शकतं.