चिपसेटनं पांघरलेली गोधडी

मे महिन्यातली दुपार होती. गाव बोरगाव मेघे, वर्ध्याला अगदी चिकटून. ऊन असं की अंगणातल्या नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. तेवढ्यात सातवीतल्या भाचीनं मला हात धरून आतल्या खोलीत ओढत नेलं. "मावशी, कम्प्युटर अटकून अटकून चालून राहिला. आतला पंखा तर फुल सुरू आहे, मंग गरम कायले होते?"

हा कम्प्युटर तिच्या दादानं सुटे भाग आणून घरीच जोडलेला. पेटी एवढीशी! आतला मदरबोर्ड १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे पोळीच्या डब्यात मावेल असा. प्रोसेसरवर त्याचा स्वतःचा पंखा होता आणि तो बरा होता. तापला होता त्याचा शेजारी, चिपसेट.

चिपसेट म्हणजे एसटी स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक समजा. कीबोर्डची बटणं, पेन ड्राइव्ह, डिस्क यांच्याकडून येणारे कितीतरी निरोप त्याच्या हाताखालून जातात. स्वतः फार वीज खात नाही, अशा कित्येक चिपसेटना ६ वॅटच्या आसपास पुरते. घरातला एलईडी दिवासुद्धा ९ वॅटचा असतो. मग एवढ्याशा विजेनं एवढा ताप का?

गंमत बघा. तुमच्या घरातलं मोठं माणूस निवांत बसलं असलं तरी त्याच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. पण ती पडते पावणेदोन चौरस मीटर कातडीतून. चिपसेटला मात्र आपले ६ वॅट नखाएवढ्या जागेतून बाहेर टाकायचे असतात. ती जागा एक चौरस सेंटिमीटर धरली, तर तिथून आपल्या कातडीपेक्षा हजारपट दाटीनं उष्णता निघते! म्हणून त्याच्या डोक्यावर अॅल्युमिनियमचा खाचाखाचांचा तुकडा बसवतात. त्याला हीटसिंक म्हणतात. आजोबा गरम चहा बशीत ओततात ना, तीच ही युक्ती. पसरलं की लवकर निवतं.

आता पंख्याचं. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापी सुरू पंख्यासमोर धरून बघा, पारा खाली येत नाही. पंखा हवा गार करतच नाही, नुसती हलवतो. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. तापमापीला ओलं फडकं गुंडाळा, पारा सरसर उतरेल. आपल्याकडच्या कूलरची वाळ्याची ताटी हेच करते. पण चिपसेटला घाम येत नाही. कितीही पंखे लावा, तो खोलीपेक्षा गार होणार नाही. खोलीच्या वर किती अंश, एवढाच त्याचा हिशोब.

हे ऐकल्यावर भाचीनं वही काढली. जानेवारीत दादानं तिला चिपसेटचं तापमान दाखवलं होतं आणि तिनं ते टिपून ठेवलं होतं. मला फार आवडली ही सवय. तेव्हा खोली २२ अंश, चिपसेट ५८. फरक ३६. आज खोली ४१. म्हणजे कम्प्युटर तेवढंच काम करत असेल तर आकडा ७७ च्या जवळपास हवा. स्क्रीनवर होते ९२!

पंधरा अंश जास्तीचे. त्यांचा दोष उन्हाळ्याला देता येत नव्हता.

दादानं वायर काढली, बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, पेटीच्या धातूला हात लावला आणि मग झाकण उघडलं. (हे मोठ्यांसोबतच करायचं, आणि वीज पुरवणारा बंद डबा कधीच उघडायचा नाही.) हीटसिंकच्या खाचा दिसेचनात! त्यात पांढुरका, मऊ, दाबून भरल्यासारखा थर. भाचीनं चिमटीत धरून ओढला तर बोटभर लांब पुंजका निघाला.

"कापूस!"

बरोबर. भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर यांच्या शेतातला कापूस समोरच्या खोलीतच रचलेला होता. त्याचे तंतू पंख्यानं आत ओढले, धूळ त्यांना चिकटत गेली. कापूस स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. अडवते ती त्याच्या तंतूंत अडकून पडलेली हवा. शुद्ध अॅल्युमिनियममधून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या सुमारे नऊ हजारावा भागच थांबलेल्या हवेतून जाते. थंडीत गोधडी ऊब देते ती याच हवेच्या जोरावर. आपला चिपसेट भर मे महिन्यात गोधडी पांघरून बसला होता!

मऊ ब्रशनं खाचा साफ केल्या, पंख्याची पाती बोटानं धरून. मग दादानं हीटसिंक उचलला. खालचं थर्मल पॅड, म्हणजे चिपसेटची उष्णता हीटसिंककडे पोचवणारा मऊ थर, वाळून कडक झालेलं, एक कोपरा उचललेला. तिथेही हवाच! भाकरी जिथे तव्याला टेकत नाही तिथे कच्ची राहते, तसंच हे. त्यानं जागा पुसून त्याच जाडीचं नवं पॅड लावलं आणि हीटसिंककडे तोंड करून चार सेंटिमीटरचा छोटा पंखा बसवला.

मोठ्या यंत्रांना हलती हवासुद्धा पुरत नाही. आपल्या विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेनं १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. त्याच घराण्यातला 'परम ब्रह्म' २०१९ पासून पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आहे, आणि त्याची उष्णता थेट द्रवाच्या हाती सोपवलेली आहे. कारण पाणी तेवढ्याच जागेतल्या हवेच्या साडेतीन हजार पट उष्णता उचलतं.

आमच्या पेटीला छोटा पंखा पुरला. खोली ४१, चिपसेट ७१. भाचीनं वहीत लिहिलं, 'फरक ३०'. आणि कम्प्युटर समोरच्या खोलीपासून दूर, मागच्या भिंतीला हलवला.

जूनमध्ये पाऊस आला. तिचा फोन आला, "मावशी, खोली २९ आहे. थांब दादा, पाहू नको. मी आधी सांगते, ५९."

मागून दादाचा आवाज आला, "६०!"