रूपकुंडाचे यात्रेकरू

तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी संग्रहात ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ आहेत. दुसरे सरफोजीराजे १८२० साली मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस निघाले, त्या प्रवासाचे हे वर्णन. राजाची यात्रा अशी कागदावर उरली. पण ज्यांच्यामागे लावणी नाही, पत्र नाही, परत येऊन हकीकत सांगणारा सोबतीही नाही, अशा वाटसरूंचे काय? त्यांची हाडे सांगतील तेवढेच ऐकावयाचे.

असे शेकडो वाटसरू गढवालच्या हिमालयात, सुमारे १६,५०० फुटांवरील रूपकुंडाच्या काठी पडलेले आहेत. १९४२ साली वनखात्याच्या एका अधिकाऱ्याने ते पाहिले आणि तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे जपानी सैनिक, कोणी म्हणे जोरावरसिंगाची वाताहत झालेली फौज. स्थानिक कथा निराळी. कनोजचा राजा जसधवल राणी व नर्तकींसह नंदादेवीच्या यात्रेस आला, आणि देवीच्या कोपाने सारे गारांखाली गाडले गेले.

फौजेचा तर्क हाडांनीच मोडून काढला. कटीच्या हाडावरून स्त्री-पुरुष ओळखता येतात. येथे दोन्ही होते, शस्त्रे मात्र नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सुभाष वाळिंबे यांनी कवट्या तपासल्या. जखमेनंतर माणूस जगला, तर हाडाची कड हळूहळू बुजते व गुळगुळीत होते. मृत्यूसमयीच्या भेगेस तसा अवसर मिळत नाही. काही थोड्या कवट्यांवर वरून बसलेल्या आघाताच्या, न बुजलेल्या भेगा सापडल्या. गारांची कथा खरी ठरते की काय, असे वाटू लागले.

परंतु २०१९ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रासह अनेक देशांतील संशोधकांनी ३८ जणांच्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्य वाचले, आणि आपण ज्याला एक जथा समजत होतो, तो जथाच नव्हता असे दिसले. २३ जण भारतीय वंशाचे, तेही नाना प्रकारचे. ते इसवी सन ८०० च्या आगेमागे, आणि बहुधा एकाच वेळी नव्हे, मरण पावले. १४ जणांचे साम्य आजच्या ग्रीस व क्रीटच्या लोकांशी. ते १८०० च्या सुमारास, म्हणजे सरफोजीराजांच्या यात्रेच्या थोडे आगेमागेच, येथे मृत्यू पावले. एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. तपासलेल्यांत कोणी कोणाचा जवळचा नातेवाईक नव्हता. हाडांतील रासायनिक खुणांवरून त्यांचे अन्नही वेगवेगळे होते. गारांनी काहींचा बळी घेतला असेल; सर्वांचा एकाच दिवशी नव्हे.

भूमध्य समुद्राकडची माणसे येथवर का आली, याची नोंद अद्याप मिळालेली नाही. आम्हा सरकारी नोकरांना पंचनाम्याची सवय. जागा विसकटण्यापूर्वी लिहून घ्यावे, हा त्यातला पहिला नियम. रूपकुंडात तो कोणालाच पाळता आला नाही. दरडींनी हाडे मिसळली, आणि उरलेली गिर्यारोहकांनी हलवली, काहींनी तर आठवण म्हणून घरी नेली. त्यामुळे कोणाशेजारी कोण पडले होते, हे आता हाडेही सांगू शकत नाहीत.