फाटक आणि हमरस्ता

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादर स्थानकाबाहेर माणसांच्या घोळक्याबरोबर थबकणारी, आणि घोळका पुढे सरकला की त्याच्या आडोशाने पलीकडच्या पदपथावर सुखरूप पोहोचणारी भटकी कुत्री ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात श्वानजातीच्या रहदारीविषयक शहाणपणाबद्दल गाढ विश्वास उत्पन्न होतो, आणि तोच विश्वास पुढे घरच्या कुत्र्याच्या जिवावर बेततो. या निरीक्षणात खोटे काही नाही. ते अपुरे मात्र आहे. आपल्याला दिसतात ती वाचलेली कुत्री. हे शहाणपण अंगी येण्यापूर्वीच ज्यांना एखाद्या टेम्पोने गाठले, त्यांची गणना कोणी करीत नाही. शिवाय रस्त्यावर जन्मलेले पिल्लू डोळे उघडल्यापासून भोंगे, चाके आणि धूर यांच्या सान्निध्यात वाढते, तर तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत गालिच्यावर लोळणाऱ्या लॅब्रडॉरला हमरस्ता म्हणजे सकाळ-संध्याकाळ घडणारे, नानाविध वासांनी भरलेले एक नवलाचे प्रदर्शनच वाटत असते.

कुत्र्याची इंद्रिये मंद आहेत, असे मात्र नव्हे. हालचाल टिपण्यात, विशेषतः संधिप्रकाशात, त्याची दृष्टी आपल्यापेक्षा तरबेज आहे. तांबडा आणि हिरवा यांतील भेद त्याला धड कळत नसला आणि बारीक तपशील आपल्याइतका स्पष्ट दिसत नसला, तरी धावणारी खार त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. मनुष्याच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांशी संपते, तर कुत्र्याचा कान ४० हजारांच्याही पलीकडचा ध्वनी ऐकतो. अडचण निराळीच आहे. एखाद्या मांजरीवर किंवा समोरच्या कुत्र्यावर त्याचे चित्त एकदा जडले की बाकीचे जग त्याच्या लेखी उरत नाही, आणि येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर ताडून थांबावे की पळावे याचा निर्णय करणे ही विद्या निसर्गाने त्याच्या पूर्वजांना शिकवलेली नाही, कारण ताशी ६० किलोमीटर वेगाने सरळ रेषेत अंगावर येणारे आणि तरीही शिकारीच्या उद्देशाने न येणारे असे काही त्या पूर्वजांच्या रानात नव्हते.

थोडा हिशेब मांडून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर काही आले हे ध्यानात येऊन चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा सेकंद सरतो, आणि मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी आठ-नऊ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर याहून अधिक. उलट बाजूने पाहिले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणारे मध्यम चणीचे कुत्रे साडेतीन मीटर रुंदीची एक मार्गिका अर्ध्या सेकंदाच्या आत ओलांडते. म्हणजे उभ्या असलेल्या रिक्षाच्या आडून ते निघाले, तर चालकाचा पाय हलण्यापूर्वीच जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. वाहनचालकांचा कैवार घेण्याचा माझा मुळीच मानस नाही, आणि पुण्यातील दुचाकीस्वारांविषयीची माझी मते तर छापण्याजोगीही नाहीत. परंतु या अर्ध्या सेकंदाच्या व्यवहारात अत्यंत सज्जन चालकही कुत्र्याला वाचवू शकत नाही, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून सारा बंदोबस्त करावयाचा तो रस्त्यावर नव्हे, रस्ता सुरू होण्यापूर्वी.

काही कुत्री तर वाहनांच्या मागे मुद्दाम धावतात. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग ही उपजत प्रवृत्ती, आणि तिच्यात भर पडते ती अनुभवाची: कुत्रे भुंकत धावते, स्कूटर निघून जाते, आणि आपण एका आगंतुकाला हद्दीबाहेर पिटाळले अशी त्याची खात्री होते. प्रत्येक वाहन त्याला असा विजय देत असल्याने ही खोड वयानुसार जात नाही, उलट मुरते. मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यात शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली कारवानी, पश्मी आणि मुधोळ ही सडपातळ, लांब पायांची कुत्री तर केवळ नजरेने सावज हेरून त्यामागे सुटण्यासाठीच घडवलेली. ससा उठला की मालकाची हाक त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. अशा कुत्र्याला चौपदरी महामार्गालगतच्या शेतात मोकळे सोडणे, मग त्याची स्वामिनिष्ठा कितीही वाखाणलेली असो, हा मालकाचा कसूर होय.

जुन्या वाड्यांच्या भव्य दरवाजाला एक लहान दिंडी असे. माणसे तिच्यातून वाकून ये-जा करीत आणि मोठी दारे एरवी बंदच राहत. आजच्या सदनिकेत त्या दिंडीचे काम जाळीचा दरवाजा, म्हणजे आपला सेफ्टी डोअर, करू शकतो. मात्र आतले दार उघडण्यापूर्वी तो लावलेला आहे याची खातरजमा करण्याची शिस्त घरातील लहानथोरांनी, इतकेच नव्हे तर कामाच्या बाईंनीही अंगी बाणवली पाहिजे. कुत्रे निसटते ते बहुधा अशाच क्षणी: दारात दूधवाला किंवा पार्सल घेऊन आलेला मुलगा उभा असतो, कोणी सुट्टे पैसे शोधायला आत वळते, आणि तेवढ्या फटीतून घरची लाडकी राणी जिना उतरून इमारतीच्या फाटकाबाहेर पोहोचलेली असते. बंगल्याच्या फाटकाच्या गजांमधून पिल्लू सहज निघते. तेथे खालच्या दोन फुटांना तारेची जाळी ठोकणे हा स्वस्त इलाज. दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांनी बिथरलेले कुत्रे एरवीची सारी शिकवण विसरून वाट फुटेल तिकडे धावते. त्या संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून ठेवावे आणि फिरायला न्यायचे ते अंधार पडण्यापूर्वी. उंबरठ्याशी बसून ‘चल’ म्हटल्यावरच बाहेर पडण्याची सवय खाऊचे आमिष दाखवून काही आठवड्यांत लावता येते. आणि निसटलेच, तर त्याच्यामागे धावू नये. आपण धावलो की त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेने चार पावले पळून हाक मारली, तर पुष्कळदा तेच आपल्या मागे येते.

पट्टा आणि साखळी यांविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शिकवणी देणारे कुत्र्याला आपल्या डाव्या पायाशी चालवायला शिकवतात. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालावे, हा नियम पाळला की तीच वाहने आपल्या डाव्या अंगाने जातात, म्हणजे नेमकी कुत्र्याच्या अंगाने. तेथे शिकवणी बाजूला ठेवून कुत्रे उजव्या हाताला, कडेच्या बाजूस घ्यावे. लांबत जाणारी चरखीची दोरी बागेत ठीक. रस्त्यावर चार-पाच फुटांची पक्की दोरीच बरी. घाबरून मागे रेटा देणाऱ्या कुत्र्याची मान गळपट्ट्यातून निसटते, म्हणून त्याला छातीवरून बांधायचा हार्नेस घालावा. पावसाळ्याच्या काळोख्या संध्याकाळी काळे कुत्रे आणि काळी छत्री चालकाला दिसतच नाहीत. प्रकाश परावर्तित करणारी पट्टी दोघांनाही लावावी.

नराचे खच्चीकरण केल्याने माजावर आलेल्या मादीच्या शोधात त्याचे भटकणे पुष्कळ कमी होते. त्वचेखाली बसवायची तांदळाच्या दाण्याएवढी चिप कुत्रे कोठे आहे ते सांगत नाही. यंत्र जवळ धरले असता तिच्यातील पंधरा आकडी क्रमांक तेवढा वाचता येतो. म्हणून महापालिकेचा परवाना काढलेला असला, तरी दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला गळ्यात हवाच.

कायद्याचा आधार बेताचा आहे. १८६० च्या दंडविधानात दहा रुपये किंवा अधिक किमतीचे जनावर मारण्यास वेगळे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही किमतीची अट उरली नाही, तथापि आगळीक सिद्ध व्हावी लागते, आणि अपघातात ती क्वचितच सिद्ध होते. मरीन ड्राइव्हवर दुचाकीखाली कुत्रे दगावल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विद्यार्थी चालकावरील गुन्हा रद्द केला, मालक कुत्र्याला अपत्यवत मानत असला तरी हयगयीने वाहन चालवण्याची कलमे मनुष्याच्या इजेपुरती आहेत असे सांगितले, आणि सरकारवरच २० हजार रुपयांचा खर्च बसवला.

अपघात झालाच, तर वेदनेने व्याकूळ झालेले आपले कुत्रेही आपल्याला चावते, हे ध्यानात ठेवून, श्वास नीट चालू असल्यास, त्याचे तोंड मऊ कापडाने बांधावे, आणि फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर आडवे उचलावे. पाणी, दूध किंवा माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. इबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला विषासमान असते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासून चालू असलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे; अन्यत्र रात्री कोणता पशुवैद्य उपलब्ध असतो याची चौकशी आधीच करून क्रमांक टिपून ठेवावा. धडकेनंतर उठून शेपूट हलवीत चालू लागलेल्या कुत्र्यालाही त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण छाती आणि पोट यांमधील पडदा फाटला असल्यास धाप लागायला कधी कधी काही दिवस जातात, आणि तोपर्यंत घरातील मंडळींच्या स्मरणातून ती धडक पुसट झालेली असते.