रोल गेला, कार्ड आलं... अल्बम कुठं गेला?

"आत्या, तुझ्याकडं तो जुना डिजिटल कॅमेरा आहे का गं? तो छोटा, चंदेरी?"

भाचीचा फोन. वय वर्षं एकोणीस, कॉलेजची ट्रिप गोव्याला निघालेली आणि हातात माझ्यापेक्षा भारी फोन. तरी हिला पाहिजे काय, तर माझा २००५ सालचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा! म्हणे त्यातले फोटो 'वेगळे' येतात, फ्लॅश मारला की एकदम जुन्या पिक्चरसारखं दिसतं. मी मनात म्हटलं, बाई गं, ज्या फ्लॅशपायी आमचे चेहरे भुतासारखे पांढरे आणि डोळे लाल यायचे, त्याचीच आता फॅशन झाली?

कपाट उघडलं. खालच्या खणात दोघं शेजारी शेजारी बसलेले. एक काळा कोडॅक केबी-१०, रोलचा. दुसरा चंदेरी, डिजिटल. एकातून दुसऱ्याकडं जाताना आपण काय कमावलं हे मला तेव्हाच कळलं होतं. काय गमावलं, ते कळायला मात्र चौदा वर्षं आणि एक महापूर लागला.

छत्तीसचं गणित

केबी-१० दादानं १९९९ मध्ये आणला. त्यात ना फोकसची भानगड, ना सेटिंगची. बघायचं, दाबायचं आणि अंगठ्यानं चाक फिरवून रोल पुढं सरकवायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल भरताना पट्टी जपून, कमीत कमी ओढली तर ३७ निघायचे, नशीब जोरावर असेल तर ३८. तो अडतिसावा फोटो म्हणजे आमच्यासाठी लॉटरीच!

रोल, धुलाई आणि पोस्टकार्ड साईजच्या प्रिंट्स मिळून आम्हाला अडीचशे-पावणेतीनशे रुपये लागायचे. त्यामुळं गणपतीला भरलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा, असा घरात अलिखित कायदा होता. रंकाळ्यावर दहा जण उभे राहायचे, दादा ओरडायचा, "कुणी डोळे मिटू नका!" आणि आम्ही श्वास रोखून उभे. एक क्लिक. दुसरा मागायची सोयच नव्हती.

फोटो मात्र फार भारी यायचे असं नाही हं. निम्म्या फोटोंत कुणाचं तरी डोकं कापलेलं, दोन-तीन फोटोंत दादाचं बोट. कारण साधं आहे. या छोट्या कॅमेऱ्यांत आपण ज्या खिडकीतून बघतो ती वेगळी आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. लेन्सवर बोट आलं तरी खिडकीतून सगळं स्वच्छच दिसतं. आणि माणूस फार जवळ असला की दोन्हींच्या नजरेत फरक पडतो, डोकं उडतं.

पण गंमत पुढं होती. लॅबवाले काका म्हणायचे, "उद्या संध्याकाळी या." ती संध्याकाळ काही लवकर यायची नाही. पाकीट हातात पडलं की ते घरी पोचेपर्यंत कोण थांबणार? स्कूटरवर बसूनच फोटो बघायचे. आणि पैसे मोजलेत म्हटल्यावर हललेले, कापलेले, सगळेच अल्बममध्ये जायचे. निगेटिव्हच्या पट्ट्या अल्बमच्या मागच्या खिशात. झालं काम!

पहिला पगार, पहिलं कार्ड

तिकडं जगात वारं कधीच फिरलं होतं. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं जुळवला होता. शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचं चित्र, तेही कृष्णधवल. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. जानेवारी २००४ मध्ये कोडॅकनं जाहीर केलं, की अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपात रोलचे कॅमेरे विकणं आता बंद. भारतात मात्र विक्री चालू राहणार होती. म्हणजे आमच्या केबी-१०ला अजून थोडी मुदत होती.

ती मुदत मीच संपवली. २००५ मध्ये शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली आणि बारा हजारांचा डिजिटल कॅमेरा हप्त्यांवर घेतला. डब्यात १६ एमबीचं कार्ड. त्यात पूर्ण साईजचे जेमतेम आठ-नऊ फोटो मावायचे. आठवडाभरात २५६ एमबीचं कार्ड आणलं. आता सव्वाशेच्या वर फोटो! आवडला नाही की उडवा. पैसा लागत नाही, लॅब नाही, वाट बघणं नाही. मला तर कोल्हापूरची राणी झाल्यासारखं वाटत होतं.

पहिली परीक्षा दसरा चौकात झाली. शाही दसऱ्याला सोनं लुटायची गर्दी तुम्हाला माहितीच आहे. नेमका तो क्षण आला, मी बटण दाबलं आणि कॅमेरा विचार करत बसला! त्या काळचे स्वस्तातले डिजिटल कॅमेरे बटण दाबल्यावर आधी फोकस शोधायचे आणि मग फोटो घ्यायचे. तोवर आपट्याची पानं लोकांच्या हातात गेलेली आणि माझ्या फोटोत नुसत्या पाठी. बटण आधी अर्धं दाबून ठेवायचं असतं, ही अक्कल नंतर आली. पेन्सिल सेलही तासाभरात मान टाकायचे. तरी घरी आले तेव्हा कार्डात ९० फोटो होते. केबी-१०चे अडीच रोल, एका संध्याकाळी!

खूश नव्हते ते फक्त आबा, माझे आजोबा. मी फोटो काढला की ते हात पुढं करायचे. "आला न्हवं फोटू? मग दे की."

"आबा, हा बघा, ह्या स्क्रीनवर."

"ह्या टिचभर काचंत माझं तोंड हाय व्हय? चष्म्यानंबी दिसंना."

मी हसायचे आणि आणखी चार फोटो काढायचे. २००६ मध्ये एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "पोरी, तालमीच्या पायरीवर आम्ही बसलोय त्यो फोटू मला पायजे. पाच काढून आण." पाच कशाला? तर दोस्तांना वाटायला. मी कुरकुरत कार्ड घेऊन लॅबमध्ये गेले, पाच प्रिंट्स आणल्या. दोन वर्षांत मी आबांचे दोनशेवर फोटो काढले असतील. कागदावर उतरला तो हा एकच.

२००७ मध्ये आबा गेले. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा होता म्हणून मी सगळे फोटो तीन सीडींवर उतरवले, वर मार्करनं नावं लिहिली आणि माळ्यावर ठेवून दिले. सेफ!

पाणी आलं तेव्हा

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं घर शुक्रवार पेठेत. माणसं वेळेत बाहेर पडली, पण तळमजल्यावरच्या ट्रंकेत सगळे अल्बम होते.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आई नुसती बघत राहिली. चिखल, वास आणि एकमेकांना चिकटलेले फोटो. दादानं एका ओळखीच्या फोटोग्राफरला विचारलं. तो म्हणाला, "वाळू देऊ नका. वाळले की एकमेकांना कायमचे चिकटतील. थंड, स्वच्छ पाण्यात बुडवा, हळूहळू सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत कापडावर पसरा." पुरानंतर स्वच्छ पाणी कुठलं? टँकरचं पाणी आणून पाहुण्यांच्या गच्चीवर आम्ही दोन दिवस हेच केलं. निम्मे फोटो गेले. पण निगेटिव्हच्या बऱ्याच पट्ट्या धुऊन निघाल्या. उजेडासमोर धरल्या की रंकाळ्यावरचे ते दहा जण उलट्या रंगांत का होईना, दिसत होते.

त्या गडबडीत मी मोठ्या रुबाबात म्हटलं होतं, "आबांचे शेवटचे फोटो तरी वर कोरडे आहेत." सीडींना खरंच पाण्याचा थेंब लागला नव्हता. महिन्याभरानं ड्राईव्ह असलेला जुना कॉम्प्युटर मिळवला. पहिली सीडी घातली. घर्र... घर्र... आणि काहीच नाही. दुसरी तशीच. तिसरीतले काही फोटो उघडले, तेही वरचं अर्धं चित्र आणि खाली करडा पट्टा. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगाच्या एका पातळ थरावर उमटवलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवेत तो थर खराब होतो आणि वरून बघून काही कळत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर अकरा उन्हाळे... मी कधी एकदाही लावून बघितली नव्हती.

आणि तालमीचा तो फोटो? आमची प्रत ट्रंकेतच होती. रंग सगळे वाहून गेलेले. पण आबांनी पाच काढायला लावले होते ना! त्यांच्या एका दोस्ताचं घर राजारामपुरीत, तिथं पाणी आलं नव्हतं. त्यांच्या नातवानं फ्रेम काढून हातात दिली. पायरीवर पाच म्हातारे बसलेत, चौघं कॅमेऱ्याकडं बघतायत आणि आबा भलतीकडंच बघून हसतायत. आईनं फ्रेम पदरानं पुसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

कॅमेऱ्याच्या गावात

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे रोलच बरा होता. छे! कोल्हापूरकरांनी तरी असं म्हणू नये. आपल्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मरणार्थ. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या साथीनं तो पुरा केला. १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. पण त्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. तीही फिल्मच होती की! जी जपली गेली नाही, ती गेली.

म्हणजे दोष रोलचा नाही आणि कार्डाचाही नाही. रोल आपल्याकडून एक काम जबरदस्तीनं करून घ्यायचा. तो संपायचा, त्यामुळं लॅबमध्ये जावं लागायचं, प्रिंट्स यायच्या, अल्बम भरायचा. कार्डानं ही सक्ती काढून टाकली आणि 'नंतर बघू' सुरू झालं. फोननं तर कळसच केला. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते; २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. कॅमेरे कमी झाले, फोटो मात्र मोजता येईनात. माझ्या फोनमध्ये आज अकरा हजार आहेत. त्यातले आईचे चांगले कुठले, विचारलंत तर सांगता येणार नाही.

वर्षाचा एक रोल

म्हणून मी २०१९ पासून एक गोष्ट करते. ऑफिसच्या धबडग्यातही जमते, करून बघा.

• दर दिवाळीच्या सुट्टीत वर्षभरातले फक्त ३६ फोटो निवडायचे. सदतिसावा आवडला तर आधीचा एक काढायचा.

• त्यांच्या प्रिंट्स काढायच्या, मागे पेन्सिलनं नावं आणि साल लिहायचं.

• घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो एकच नाही, चार-पाच काढायचे आणि वाटायचे. आबांचा फंडा!

• मूळ फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायचे. एक डिस्क दुसऱ्या घरी, शक्यतो उंचावरच्या. आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून बघायच्या.

• जुन्या सीडी माळ्यावर असतील तर येत्या रविवारीच काढा. उघडतायत तोवर.

भाचीला कॅमेरा द्यायला मी तयार आहे. नवे सेल घालून बघितले, अजून चालतोय. बटण दाबल्यावर अजून विचार करत बसतोय. फक्त अट घातली आहे. गोव्याहून आल्यावर ३६ फोटो निवडायचे, प्रिंट काढायच्या आणि एक संच आजीला द्यायचा.

"छत्तीसच?" ती किंचाळली. "आत्या, एवढे तर मी मिसळीच्या प्लेटचे काढते!"

"मग त्यातला एक निवड," मी म्हटलं.

विचार करून सांगते म्हणालीय. कॅमेरा तोपर्यंत माझ्याच कपाटात.