मधेच कॉलेज बदलून मानसशास्त्र घेताय? पदवीला किती वर्षं लागतील, हा हिशोब आधी मांडा

गेल्या वर्षी जून संपता संपता सोयाबीनची पेरणी उरकून घरी आलो, तर ओसरीवर भाऊ आणि पुतणी समोरासमोर बसलेले. दोघंही गप्प. पुतणीने तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष केलं होतं. इतिहास, मराठी, राज्यशास्त्र असे विषय. तिला मानसशास्त्र करायचं होतं, पण तालुक्याला तो विषयच नाही. म्हणून शहरातल्या कॉलेजात, तेही दुसऱ्या विद्यापीठात, जायचं म्हणत होती.

भावाचा प्रश्न एकच होता. "तीन वर्षं म्हणाली होतीस. आता त्याची चार झाली तर?" आपल्याकडे मुलीच्या शिक्षणाची वर्षं कशी मोजतात, ते तुम्हाला सांगायला नको. एक वर्ष वाढलं की फीपेक्षा जास्त चर्चा स्थळांची होते.

खरं सांगायचं तर त्या दिवशी उत्तर मलाही माहीत नव्हतं. मी स्वतः बारावी शिकलेला. पण बातमीदारीमुळे चार ठिकाणी विचारायची सवय आहे. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं कागद घेऊन फिरलो. जे समजलं ते इथे देतोय. ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांना उपयोगी पडेल.

आता वर्ष नाही, क्रेडिट मोजायचं

नवीन शैक्षणिक धोरण आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. त्यात पदवी क्रेडिटवर मिळते. सोपं करून सांगतो. एका सेमिस्टरमध्ये १५ तास शिकवण्याचा विषय म्हणजे १ क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना १ क्रेडिट. पेपर साधारण २ किंवा ४ क्रेडिटचे असतात.

आपल्याकडे एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट धरतात. म्हणजे वर्षाला ४४ आणि तीन वर्षांत १३२. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं असेल तर १७६. दुधाच्या डेअरीत जसं रोजचं लिटर खात्यावर चढतं, तसंच हे आहे. पण दुसऱ्या डेअरीला गेल्यावर जुन्या खात्यातलं किती धरतात, खरा प्रश्न तिथे येतो.

जुनं सगळं धरतीलच असं नाही

कॉलेज बदललं पण विद्यापीठ तेच राहिलं, तर अडचण कमी. अभ्यासक्रम सारखा असतो, टीसीवर काम होतं. विद्यापीठ बदललं की जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि नव्या विद्यापीठाची पात्रता, म्हणजे एलिजिबिलिटी, काढावी लागते. त्यात जुने पेपर आणि नवे पेपर शेजारी ठेवून जुळवून बघतात.

भाषा, पर्यावरण, मूल्यशिक्षण असे सगळ्यांना असलेले पेपर बहुतेक जुळतात. अडतं ते मुख्य विषयावर, म्हणजे मेजरवर. पहिल्या वर्षी मानसशास्त्र नसेल, तर त्याचे पायाचे पेपर नव्याने करावे लागतात. काही विद्यापीठांत मेजर दुसऱ्या वर्षी पक्कं होतं, पण तिथेही तो विषय पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांपैकीच असावा अशी अट असू शकते. ही अट कॉलेजातल्या ओळखीच्या शिपायाला विचारून भागत नाही. विभागप्रमुखांना विचारा आणि विद्यापीठाचं परिपत्रक बघा.

आमचा हिशोब असा निघाला

पुतणीची पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट होती. त्यातली ३६ धरली. मानसशास्त्राचे पहिल्या वर्षाचे दोन पेपर, प्रत्येकी ४ क्रेडिटचे, राहिले. म्हणजे १३२ मधून ३६ गेले, राहिले ९६. पुढच्या चार सेमिस्टरमध्ये २२ प्रमाणे ८८ होतात. ८ कमी पडतात.

हे ८ कुठे बसवायचे? एक राहिलेला पेपर पहिल्या सेमिस्टरचा, तो जून ते दिवाळीच्या दरम्यान शिकवतात. म्हणून तो तिसऱ्या सेमिस्टरबरोबर. दुसरा पेपर दुसऱ्या सेमिस्टरचा, तो चौथ्याबरोबर. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला २६-२६, मग पाचव्या-सहाव्याला २२-२२. बेरीज बरोबर ९६. वर्ष वाढत नाही.

पण याला दोन अटी आहेत. एक, जादा पेपर घ्यायला विद्यापीठाची परवानगी पाहिजे. दोन, दोन वर्गांचे तास एकाच वेळी यायला नकोत. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिल्या सेमिस्टरचा पेपर जानेवारीत शिकवत नाहीत. यंदा हुकला तर पुढच्या जूनपर्यंत थांबायचं. खरिपाचं पीक रब्बीत घेता येत नाही, तसंच. ४ क्रेडिटचा एक पेपर हुकल्याने अख्खं वर्ष वाढू शकतं, ते यामुळे. शहरात खोली आणि मेस मिळून महिन्याला पाच हजार धरले, तरी दहा महिन्यांचे पन्नास हजार होतात. फी वेगळीच.

मानसशास्त्र घरी बसून होत नाही

या विषयात प्रयोग आणि चाचण्या असतात. स्मरणशक्ती, अवधान, बुद्धिमत्ता यांवरची प्रात्यक्षिकं करून जर्नल लिहावं लागतं. सांख्यिकीही असते. म्हणून "परीक्षेपुरतं जाईन" हा विचार सोडा. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते.

काही पालक म्हणतील, मग मुक्त विद्यापीठातून करू. इथे सावध राहा. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवीन प्रवेशासाठी द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने बंदी केली आहे. कोणी एजंट "घरबसल्या मानसशास्त्राची डिग्री" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

'स्वयम्' पोर्टलवरचे कोर्स ही वेगळी गोष्ट. कॉलेजच्या नियमित पदवीत एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. पण आपलं विद्यापीठ तो कोर्स कोणत्या पेपरच्या जागी धरतं, हे आधी लेखी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

क्रेडिटची बँक तपासा

डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचं खातं निघतं. त्याचा १२ अंकी नंबर असतो. त्यात क्रेडिट आपण भरू शकत नाही, ती संस्थाच चढवते. तिथे ती जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात.

आमच्या पुतणीचं गुणपत्रक चोख, पण खात्यात शून्य! कारण आधारवर नाव एक आणि कॉलेजच्या नोंदीत वडिलांचं नाव जोडून दुसरं. दुरुस्तीला तीन चकरा झाल्या. जुनं कॉलेज सोडण्याआधीच हे बघितलं असतं तर एका चकरेत झालं असतं.

लग्न, आजारपण, पैशाची तंगी, कशामुळेही शिक्षण मधे सुटलं तरी घाबरू नका. पहिल्या वर्षानंतर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स करून प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. मात्र सुरुवातीपासून सात वर्षांत पदवी पूर्ण झाली पाहिजे.

बी.ए. झालं म्हणजे संपलं नाही

हे पण घरात आधीच बोलून घ्या. नुसत्या बी.ए.वर कोणी मानसोपचार करू शकत नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचं. चार वर्षांचं ऑनर्स केलं तर एम.ए. एका वर्षात करायची सोय धोरणात आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पाहिजे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर त्यासाठीचं मान्यताप्राप्त वेगळं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. म्हणजे प्रवास लांबचा आहे. पहिल्याच टप्प्यात एक वर्ष वाया गेलं तर पुढचं सगळं मागे सरकतं.

कॉलेज सोडण्याआधी हे करा

१. दोन्ही सेमिस्टरची गुणपत्रकं आणि अभ्यासक्रमाची प्रत हातात घ्या.
२. क्रेडिट बँकेतली नोंद तपासा, नावं जुळवा.
३. नव्या कॉलेजात दोन प्रश्न विचारा: किती क्रेडिट धरणार? मानसशास्त्राचे कोणते पेपर राहणार?
४. उत्तर लेखी मिळेपर्यंत टीसी काढू नका. जुनी जागा गेली आणि नवी मिळाली नाही, तर वर्ष गेलंच.
५. शिष्यवृत्ती चालू असेल तर महाडीबीटीवर अर्ज नवीन करायचा की नूतनीकरण, हे दोन्ही कॉलेजांत विचारा.
६. सेमिस्टरवार क्रेडिटचा तक्ता एका कागदावर लिहा.

तो कागद पुतणीने वडिलांसमोर ठेवला. भावाने बेरीज दोनदा केली, मग म्हणाला, "आणि एखादा पेपर राहिला तर?" तिने सरळ सांगितलं, "मग पाचव्या-सहाव्या सेमिस्टरला अजून एक संधी आहे. ती पण गेली तर एक वर्ष वाढेल, आबा. खोटं कशाला सांगू."

त्या खऱ्या उत्तरामुळेच भाऊ तयार झाला असं मला वाटतं. तिसऱ्या सेमिस्टरचे जादा ४ क्रेडिट तिने काढले आहेत. तो कागद अजून ओसरीवरच्या कॅलेंडरमागे खोचलेला आहे, आणि निकाल लागला की भाऊच तो काढून त्यावर खूण करतो.