स्पीकरची पेटी, जवसाचं तेल आणि एक चिंधी

हेडफोन लावून ऐकलं असेल, तर मागून ट्रकचे आवाज आले असतील. आमचं वडनेर भोलजी हायवेवरच आहे, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, आणि रेकॉर्डिंग मी घरातच करतो. ज्यांना वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून काढलाय.

आजचा विषय आहे घरी बनवलेल्या स्पीकरची लाकडी पेटी आणि तिला द्यायचं तेलाचं फिनिश. मी एक जोडी बनवली आणि ती छान वाजते. पण ती बनवताना आमचं घर पेटता पेटता राहिलं. तेही सांगणार आहे. घाई असेल तर एक वेळ बाकीचं सोडा, पण शेवटचा भाग वाचाच.

पेटी लागतेच कशाला?

एक प्रयोग करा. जुन्या म्युझिक सिस्टिममधला नुसता स्पीकर काढा, म्हणजे तो गोल कोनवाला भाग, आणि हातात धरून वाजवा. आवाज येईल, पण ढोलकीचा घुमारा गायब. कारण कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हे दोन्ही आवाज कडेने वळून एकमेकांना भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. बेसच्या लहरी लांब असतात, त्या सहज वळतात, म्हणून सगळ्यात आधी बेस जातो.

पेटीचं पहिलं काम म्हणजे मागचा आवाज मागेच कोंडून ठेवणं. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ नावाचा स्पीकर आणला. त्यांनी पेटी पूर्ण हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरलं. त्यामुळे छोट्या पेटीतूनही खोल बेस मिळायला लागला. आपण बनवतोय ती त्याच जातीची, बंद पेटी.

पेटीचं दुसरं काम म्हणजे स्वतः गप्प बसणं. तबल्याचं, सतारीचं लाकूड गायला पाहिजे. स्पीकरच्या लाकडाने गायचं नाही. गाणं कोनाचं. पेटीच्या फळ्या थरथरल्या की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

माप आणि लाकूड

माझे स्पीकर साडेसहा इंची आहेत. आतलं माप ठेवलं रुंदी २२, खोली २० आणि उंची ३५ सेंटिमीटर. गुणाकार करा, साधारण १५ लिटर होतात. तुमच्या स्पीकरला किती लिटर लागतील ते त्याच्या माहितीपत्रकातल्या तीन आकड्यांवरून निघतं: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावाने हे आकडे ओळखले जातात. ते टाकले की लिटर काढून देणारी फुकट कॅल्क्युलेटरं मोबाइलवर मिळतात. अंदाजाने पेटी करू नका.

लाकूड मात्र मी विकत आणलं नाही. आमचं धाब्याचं जुनं घर पाडलं तेव्हा आजोबांच्या वेळचे सागवानी दरवाजे निघाले होते. बाबांनी ते जपून ठेवले होते. मी मागितले तर आधी नाहीच म्हणाले. "हे लाकूड पुन्हा येनार नाही, बिघडवलं तर?" हा त्यांचा प्रश्न. बरोबरच होता.

मग मी गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. माझं चित्र बघून ते म्हणाले, "चारी बाजूनं सागवान लावून राह्यला, ते ठीक. पन लाकूड श्वास घेते, ते ध्यानात घेतलं का?"

नव्हतं घेतलं. आमच्याकडे मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी, आणि जुलैत मिठाची बरणी ओली. लाकूड तसं आकसतं आणि फुगतं. पण गंमत अशी, की ते रेषेच्या आडव्या दिशेने हलतं, लांबीत जवळजवळ नाहीच. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, तरी २० सेंटिमीटरच्या फळीत वर्षभरात एक-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. चुकीचा सांधा असेल तर फळी तडकायला तेवढा पुरतो.

काकांचा उपाय असा. दोन बाजू, छत आणि तळ या चारही फळ्यांच्या रेषा पेटीभोवती एकाच दिशेने फिरल्या पाहिजेत. मग चौघी मिळून फुगतात आणि फक्त पेटीची खोली किंचित बदलते. पुढची आणि मागची फळी १८ मिलिमीटर प्लायची. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून तो हलत नाही. आणि पेटीची उंची-रुंदीही हलत नाही, म्हणजे भांडण नाही. आत मधोमध एक आडवी पट्टी, डाव्या बाजूपासून उजव्या बाजूपर्यंत. ती फळ्यांचं थरथरणं थांबवते.

सागवानात मुळातच तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. म्हणून चिकटवण्याच्या जरा आधी सांधा पॉलिश पेपरने घासा, थिनरच्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि लगेच फेविकॉल लावून शिकंजा आवळा. रात्रभर हात लावायचा नाही. मग आतून प्रत्येक सांध्यावर गोंदाची एक रेघ फिरवा. हवा कुठूनच निसटता कामा नये. स्पीकर बसवल्यावर कोन बोटांनी हलकेच दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद. टुणकन आला तर कुठेतरी फट आहे.

आत सैलसं काहीतरी भरावं लागतं, म्हणजे आतला आवाज भिंतींवर आपटून परत येत नाही. मला वाटलं, कापसाच्या गावात राहतो, कापूस भरू. पण कापूस ओल धरतो, खाली बसतो, त्यात किडेही होतात. जुन्या उशीतला पॉलिएस्टरचा फायबर बरा. दाबून भरू नका.

आता तेल

तेलाच्या फिनिशने आवाज सुधारतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तेल लाकडासाठी आहे. ओल आत-बाहेर जायचा वेग थोडा कमी होतो, डाग लवकर बसत नाहीत आणि सागवानाच्या रेषा उजळतात. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल लावता येतं.

कोणतं तेल? जवसाचं. हो, ज्याच्या चटणीवर आपण भाकरी संपवतो तेच जवस. क्रिकेट बॅटला लावतात तेही हेच. शेंगदाण्याचं का नाही? कारण ते कधीच वाळत नाही, वर्षभर चिकट राहून धूळ पकडतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त असं एक आम्ल असतं, जे हवेतला ऑक्सिजन पकडून एकमेकांत जाळं विणतं. म्हणजे हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते तिथेच घट्ट होतं. घाण्यावरच्या कच्च्या तेलाला आठवडा किंवा जास्त लागतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल मिळतं, त्यात ते लवकर वाळवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. ते एका दिवसात बऱ्यापैकी वाळतं. पण ते खायचं नाही. बाटलीवर तसं लिहून ठेवा आणि ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

कृती सोपी आहे. पॉलिश पेपर १२०, मग १८०, मग २४०, नेहमी रेषेच्या दिशेने. धूळ पुसा. पहिल्या हाताला तेलात निम्मं टर्पेंटाइन घाला, म्हणजे ते आत मुरतं. १५-२० मिनिटं थांबा आणि वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. माझ्या पहिल्या पेटीवर मी "जास्त चमक येईल" म्हणून तेल तसंच सोडलं होतं, त्याचा चिकट थर खरवडून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी पुढचा हात, नुसत्या तेलाचा. असे तीन-चार हात पुरतात. तेल फक्त बाहेरून लावायचं. आत हवा खेळत नाही, तिथे ते वाळणार नाही.

आणि ती चिंधी

मार्च महिना होता, दुपारची वेळ. दुसरा हात देऊन झाला आणि तेल पुसलेल्या चिंध्या मी चुरगाळून एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकल्या. खोकं पत्र्याच्या खोलीत ठेवलं. त्याच खोलीत, चार हातांवर, आमचा कापूस पडला होता. भाव वाढेल म्हणून बाबांनी विकला नव्हता. वर्षाचं पीक होतं ते.

दोन-तीन तासांनी बाबा म्हणाले, "काही जळून राह्यलं का रे?" खवट, जळक्या तेलाचा वास येत होता. खोकं उचललं तर तळ गरम. अंगणात नेऊन उलटं केलं तर मधल्या चिंध्या काळ्या पडलेल्या, आणि मोकळी हवा लागताच त्यांनी पेट घेतला. कुणी काडी ओढली नव्हती, बिडी नव्हती, वायर नव्हती.

कारण तेच, जे पेटीवर घडतं. तेल ऑक्सिजन पकडतं तेव्हा उष्णता निघते. फळीवर थर पातळ असतो, उष्णता उडून जाते, कळतही नाही. चुरगाळलेल्या चिंधीत ती कोंडते. गरम झालं की वाळणं वेगाने होतं, वेगाने वाळलं की अजून गरम होतं. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांपासून सुरू झाली होती. त्यात तीन अग्निशमन जवान गेले.

म्हणून नियम एकच. काम संपलं की चिंधी लगेच पाण्याच्या बादलीत बुडवायची, किंवा बाहेर मोकळ्यावर एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्यायची. घडी नाही, गोळा नाही, पिशवी नाही, कचऱ्याचा डबा तर नाहीच.

त्या दिवशी बाबा मला काही बोलले नाहीत. चिंध्यांवर पाणी ओतलं, कापसाकडे एकदा बघितलं आणि आत गेले. मला वाटलं, आता दरवाज्याचं उरलेलं लाकूड काही मिळत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिसरा हात द्यायला बसलो, तर शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवलेली होती.

आज पेट्या बैठकीत आहेत. बाबा त्यांच्यावर सकाळी भजनं लावतात आणि डाव्या पेटीवरची कडीची जुनी खूण पाहुण्यांना दाखवतात. ती मी मुद्दाम घासून काढली नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि आज घरात कुणी बॅटला किंवा दाराला तेल लावत असेल, तर आधी विचारा: चिंधी कुठे आहे?